जमिनीलगतची काच

कुठलीही खोली मी उभ्याने बघत नाही. कुणी नवा फ्लॅट दाखवायला नेलं, दवाखान्यात नंबर यायला वेळ असला, की माझी नजर आधी खाली जाते. जमेल तिथे मी सरळ फरशीवर बसते. लोकांना वाटतं, बाईंना चक्कर आली. चक्करबिक्कर काही नसते. अडीच-तीन वर्षांच्या माणसाला इथून काय दिसतं, ते मी बघत असते. बहुतेक ठिकाणी त्याला मोठ्यांचे गुडघे दिसतात, टेबलाखाली चिकटवलेलं च्युइंगगम दिसतं, आणि मान दुखेल इतक्या उंचावर लावलेलं हसऱ्या सशाचं चित्र दिसतं. ते चित्र खास लहान मुलांसाठी लावलेलं असतं.

उभं आयुष्य बालवाडीत गेलं, त्याचा हा परिणाम. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही आणि ती जावी अशी माझी इच्छाही नाही. गुडघे कुरकुरतात, पण कुरकुरणाऱ्यांचं ऐकत बसले असते तर मी काहीच केलं नसतं.

आमच्या लेआउटच्या मैदानाला लागून समाजभवन आहे. पुढे हॉल, बारसं असो की तेरवी, सगळं तिथेच. मागे अभ्यासिका. तिथे स्पर्धा परीक्षांची मुलंमुली सकाळपासून डोकं खाली घालून बसलेली असतात. चपला बाहेर, मोबाइल मुका. खुर्चीवर पाण्याची बाटली ठेवली की ती जागा त्या माणसाची. मग तो तर्री-पोहे खायला चौकात जाऊन तासभर गप्पा मारून येवो, त्याच्या खुर्चीला कुणी हात लावत नाही. अशी शिस्त मी दुसरीकडे कुठे बघितली नाही.

त्या अभ्यासिकेच्या पायऱ्यांवर मला ती दिसली. मांडीवर जाडजूड पुस्तक, आणि पुस्तकावर बसलेली तिची अडीच-तीन वर्षांची पोट्टी. आई पान उलटणार तोच पोट्टी ते पान मुठीत धरणार, असा दोघींचा खेळ चालला होता. खेळ फक्त पोट्टीसाठी होता, आईच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आत काहून नाही बसत वं?" मी विचारलं.

"हिले घेऊन कशी बसू, बाई? पोरं डिस्टर्ब होतात."

लेआउटमधली सगळी मला बाईच म्हणतात, शिकवलेली आणि न शिकवलेली. ही माझ्याकडे शिकलेली नव्हती, भिवापूरहून लग्न होऊन आलेली. नवरा ट्रॅव्हल्सच्या गाडीवर ड्रायव्हर; आज नागपूर, उद्या पुणे. पोट्टीला सासू सांभाळायची, पण सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पोट्टीमागे धावणारं कुणी उरलं नाही. इकडे तलाठ्याची भरती निघालेली. पेपर दिवाळीनंतर. अशी भरती पुन्हा कधी निघेल ते कुणीच सांगू शकत नाही.

"घरचे म्हणतात, परीक्षा होयेपर्यंत पोट्टीले भिवापूरले आईकडे ठेव," ती म्हणाली. "एकदा ठेवली होती. आठ दिवसांनी आणायले गेली, तर माझ्याकडे पाहेच ना. आईच्या पदराआड जाऊन लपली. मी हाक मारून राहिली अन् हे पोरगं भिंतीकडे तोंड करून उभं. तसं पुन्हा नाही पाहू शकत मी. त्यापेक्षा परीक्षाच नाही देत."

मला राग आला. तिचा नव्हे. पोरगी पाहिजे की परीक्षा, हा प्रश्न कुणा बापाला विचारलेला मी अजून ऐकलेला नाही. अभ्यासिकेत दोन पोरांचा बाप बसायचा, त्याची बाटली खुर्चीवर निवांत उभी असायची.

"काही सोडायचं नाही," मी म्हटलं. "परीक्षा पण नाही अन् पोट्टी पण नाही. मी पाहते."

अभ्यासिकेला लागून एक खोली होती. तिच्यात सतरंज्या, मोडक्या खुर्च्या आणि गणपतीचं मखर कोंबलेलं. ती मला हवी होती. आमच्या मंडळाचे अध्यक्ष एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. माणूस सरळ, पण त्यांना नुसती गरज सांगून काम होत नाही. म्हणून मी गरजेने सुरुवातच केली नाही. "भाऊ, पूर्व नागपुरात कुठल्या लेआउटमध्ये बालकक्ष नाही. उद्घाटन तुमच्याच हातचं होईल," एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी सतरंज्या बाहेर.

खोलीचा नकाशा मी काढला. आधी अर्थातच आत जमिनीवर बसून घेतलं. हात धुवायचं बेसिन माझ्या मांडीइतक्या उंचीवर. कोपरे सगळे गोल. दाराची कडी वर. आणि खोलीच्या मध्यभागी, जिथून सगळं एका नजरेत येईल अशा जागी, एक उंच, हाताची, पक्की खुर्ची. ही खुर्ची मुलांसाठी नव्हती. ती तिच्या सासूसाठी होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला धावता येत नाही, पण बघता येतं, बोलता येतं, गोष्ट सांगता येते. धावावं लागणारच नाही अशी खोली केली की तीच बाई चांगली सांभाळणारी होते. मुलांसाठी जागा करताना लोक मुलांना सांभाळणाऱ्याला विसरतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

शेवटची गोष्ट म्हणजे काच. अभ्यासिका आणि बालकक्ष यांच्या मधल्या भिंतीत, अगदी जमिनीपासून सुरू होणारी. चौकट लकडगंजच्या लाकूडबाजारातून करून आणली. अध्यक्ष चौकट बघून म्हणाले, "मॅडम, काच वर पाहिजे जी. उजेडासाठी."

"उजेडासाठी नाही, भाऊ. आई दिसण्यासाठी आहे."

"आई दिसली तर पोरगं रडन ना!"

सगळ्यांचा हाच समज. खुळखुळा वाजवा, कावळा दाखवा, तेवढ्यात आईने मागच्या दाराने सटकावं. असं एकदा फसलेलं पोर मग आईचा पदर मुठीतून सोडतच नाही, कारण त्याला कळलेलं असतं की नजर हलली की आई जाते. माझं म्हणणं उलट आहे. हवी तेव्हा आई दिसते हे एकदा पक्कं झालं, की पोर बघायचंच विसरतं. हे मी बालवाडीत इतक्यांदा बघितलंय की यावर मी कुणाशी वाद घालत नाही. काच खालीच बसली.

पण बाकीच्यात मंडळाने आपली हौस भागवून घेतली. भिंतीवर ऑइलपेंटमध्ये ससे आणि फुलपाखरं आली. खाली केसाळ गालिचा आला. खेळणी काचेच्या कपाटात गेली, आणि छोट्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक तसंच राहिलं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर रिबीन कापली, पेढे वाटले, फोटो निघाले. संध्याकाळी मी आणि ती पोट्टीला घेऊन गेलो, तर दाराला कुलूप.

"खराब होईल ना, मॅडम," अध्यक्ष म्हणाले. "एवढी सुंदर झाली. आता पाहुणेबिहुणे आले की उघडू."

मी कपाळाला हात लावला. हा आजार मला चांगला ठाऊक आहे. आपल्याकडे टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक असतं, सोफ्याला असतं, आणि चांगले कप शोकेसमध्ये म्हातारे होतात. वस्तू चांगली असली की ती वापरायची नसते. अध्यक्षांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना ती खोली खरोखरच आवडली होती, म्हणून तर त्यांनी ती बंद केली. मी समजावलं, भांडले, एकदा आवाजही चढवला. ते हसून चहा पाजायचे, चावी काही द्यायचे नाहीत.

आणि दिवस जात होते. ती पुन्हा पायऱ्यांवर. एका सकाळी बघितलं तर शेजारी पिशवी, पिशवीत पोट्टीचे धुतलेले फ्रॉक.

"पोळा झाला का माझा भाऊ येऊन राहिला हिले न्यायले," ती खाली मान घालून म्हणाली. "तुम्ही लय केलं बाई. आता राहू द्या."

"पोळा होऊ दे," मी म्हटलं. "मग बोलू."

पोळ्याचा दुसरा दिवस आमच्याकडे मुलांचा. तान्हा पोळा. बाहेरगावच्या लोकांना हे सांगावं लागतं: आदल्या दिवशी शेतकऱ्याचे खरे बैल सजतात, दुसऱ्या दिवशी पोरांचे लाकडी. चाकांवरचे नंदी, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, दोरी धरून पोरं घरोघर ओढत नेतात आणि बोजारा म्हणून काही ना काही घेतल्याशिवाय हलत नाहीत. मंडळ मैदानावर सजावटीची स्पर्धा ठेवतं. त्या वर्षी रात्रभर पाऊस पडून मैदानाचा नुसता रबडा झाला होता. हॉलमध्ये कुणाच्या तरी साखरपुड्याच्या खुर्च्या लागलेल्या.

मी अध्यक्षांकडे गेले. "भाऊ, पोरं चिखलात उभी राहतील का? बालकक्षाची चावी द्या. पाहुणे समजा आजच्या दिवस."

ते बक्षिसं आणायला निघायच्या घाईत होते. सणाचा दिवस, नाही कसं म्हणणार? चावी माझ्या हातात आली.

पुढचं मी ठरवून केलं, आणि मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही. दारात पायपुसणं ठेवलं नाही. "पाय पुसा" असं कुणाला म्हटलं नाही. सगळ्या लेआउटची पोरं, त्यांचे नंदी, नंद्यांची चिखलाने भरलेली चाकं, सगळं त्या केसाळ गालिच्यावरून आत घेतलं. काचेचं कपाट उघडून दिलं. खुर्च्यांचं प्लास्टिक टराटरा फाडलं. तो आवाज ऐकून मला लहान मुलीसारखा आनंद झाला. मग घरून आणलेली हळद आणि गेरू दोन ताटांत कालवून मध्ये ठेवला आणि म्हटलं, "नंदी रंगवा. भिंतीवर पण काढले तरी चालते." पोरांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ती आमची पोट्टीही आपला बोटभर उंचीचा नंदी ओढत आली होती. तिने दोन्ही पंजे हळदीत बुडवले आणि सशाच्या पोटावर उमटवले.

बक्षिसांची पिशवी घेऊन अध्यक्ष दारात उभे राहिले तेव्हा मी गालिच्यावर बसले होते, कोपरापर्यंत पिवळी.

"मॅडम," ते म्हणाले. "हे काय करून टाकलं जी?"

"खराब केली, भाऊ," मी म्हटलं. "आता कुलूप लावून काय जपता?"

त्यांनी भिंत बघितली, गालिचा बघितला, माझ्याकडे बघितलं. चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता हे मंडळाची बैठक बोलावतात. पण पोरांना बक्षिसांची पिशवी दिसली होती. सगळ्यांनी त्यांना घेरलं, हात धरून ओढलं, आणि नंदी बघायला त्यांना खाली बसावंच लागलं. बसले, आणि बराच वेळ बसले. एकेका नंदीची शिंगं हातात धरून बघू लागले. मध्येच त्यांचं लक्ष काचेकडे गेलं. "इथून त सगळं दिसते," ते म्हणाले. मग हळूच, "माझा नातू पुण्याले आहे. तो आला असता त त्याले आवडली असती ही खोली."

जाताना त्यांनी चावी दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. ती अजून तिथेच आहे. दुसऱ्या दिवशी भिवापूरहून भाऊ आला, जेवला, पोट्टीला खांद्यावर घेऊन मैदानाला एक चक्कर मारली आणि एकटाच परत गेला.

आता तिची बाटली अभ्यासिकेतल्या खुर्चीवर आली. सकाळी बालकक्षात मी, दुपारी सासू. दोन-चार आयांनी आणखी पोरं आणून सोडली. आठवडाभर झकास चाललं, आणि मग एक दिवस काचेवर वर्तमानपत्रं चिकटलेली दिसली. अग्रलेख, संपादकीय, चालू घडामोडी. अभ्यासिकेच्या बाजूने सगळी काच झाकलेली. इकडून पोट्टीने काचेवर हात मारला, मग डोकं टेकवलं, मग असा टाहो फोडला की तिकडे आईची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मला भिंतीतून ऐकू आला.

मी ओलं फडकं घेऊन सरळ अभ्यासिकेत शिरले. एक उंच मुलगा उठला. त्या सगळ्यांच्या वतीने बोलणारा तोच.

"बाई, सॉरी. पण लेकरं काचेला नाक लावून पाहून राहतात. हसू येते. अभ्यास नाही होत."

त्याचं खोटं नव्हतं. काचेला चपटं झालेलं नाक समोर असताना राज्यघटना पाठ करून दाखवावी कुणी. मी काचेसमोर बसले, अर्थातच खाली. तिथून मला टेबलाखाली पायच पाय दिसले. त्यांतले तिचे पाय ओळखायला वेळ लागला नाही. जोडवी घातलेले तेवढेच होते.

"वरचं तुमचं," मी त्या मुलाला म्हटलं, आणि खालची वीतभर पट्टी ओल्या फडक्याने खरवडून साफ केली. "खालचं तिचं. चालते?"

त्याने वाकून बघितलं. खुर्चीत बसून त्या पट्टीतून काहीच दिसत नव्हतं. "चालते, बाई," तो म्हणाला, आणि तिची खुर्ची स्वतः उचलून काचेजवळ आणून ठेवली.

मग रोजचं झालं. पोट्टी खेळता खेळता यायची, फरशीवर गाल टेकवायची, पट्टीतून बघत काचेवर टिचकी मारायची. पलीकडे जोडव्यांची बोटं हलायची. बस, एवढंच. ती उठून परत आपल्या नंदीकडे. सुरुवातीला सारखी यायची. मग क्वचित. दिवाळी जवळ आली तेव्हा कधी कधी सबंध सकाळ विसरून जायची, आणि तिची आई मला मधल्या सुट्टीत विचारायची, "आज आली नाही काय ती पाहायले?" आवाजात थोडी काळजी असायची.

पेपरच्या दिवशी केंद्र आलं पार हिंगण्याकडे. पहाटे निघायचं. पोट्टी झोपेत असतानाच निघून जाते, असं ती म्हणाली, तेव्हा मी तिला चांगलीच झापली. "इतके महिने काच कशाले ठेवली मग? उठव तिले. खरं सांग."

तिने उठवलं, सांगितलं. "मी पेपरले जाऊन राहिली. दुपारी येते." पोट्टी रडली. रडू दे म्हटलं. खरं ऐकून रडलेलं पोर लवकर शांत होतं. मी तिला कडेवर घेऊन बालकक्षात आणली. सासूही आली, आपल्या खुर्चीत बसली.

थोड्या वेळाने पोट्टी काचेकडे गेली. खाली वाकली, गाल टेकवला. पलीकडे रिकाम्या खुर्चीचे चार पाय. खरं सांगते, तेव्हा मलाही खात्री नव्हती. इतका आत्मविश्वास, इतक्या वर्षांचा अनुभव, आणि मी तिला उचलून घ्यायला अर्धी उठले होते. पोट्टीने इकडचे पाय बघितले, तिकडचे बघितले. उठली. नंदीजवळ आली आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "आई पेपरले गेली. येते."

सासूने पदर डोळ्यांना लावला. मी छताकडे बघितलं.

आता दुसऱ्या लेआउटमधले लोक ही खोली बघायला येतात, आणि सगळे आधी तेच विचारतात: बाई, ती पास झाली का? झाली. तलाठी म्हणून लागली, पोट्टीला आणि सासूला घेऊन नोकरीच्या गावी राहते. पण मला निकालाचा दिवस तितका आठवत नाही. मला आठवते ती पेपरची दुपार.

ती केंद्रावरून आली ती इकडे आलीच नाही. सवयीने चपला काढून अभ्यासिकेत गेली आणि आपल्या खुर्चीत बसली. मी फरशीवरच होते, म्हणून मला दिसलं. पट्टीत जोडव्यांचे पाय आले, धुळीने भरलेले. बोटं हलली.

पोट्टी एका पोराबरोबर नंदीला चारा घालत होती. तिने मान वळवून पट्टीकडे बघितलं. "आली," ती म्हणाली, आणि पुन्हा चारा घालायला लागली.

पलीकडे बोटं पुन्हा हलली. थांबली. पुन्हा हलली. मग पाय दिसेनासे झाले आणि गुडघे आले, गुडघ्यांमागून हात, आणि मग त्या वीतभर पट्टीत, जिथे आजवर नुसते पाय दिसले होते, तिथे तिचा चेहरा आला. फरशीला गाल टेकलेला, केस विस्कटलेले, डोळे वाहत असलेले. सगळ्या अभ्यासिकेसमोर ती खाली आडवी झाली होती. मागे कुणाची तरी खुर्ची सरकली, तिला पाय पसरायला जागा करून देण्यासाठी.

पोट्टीला हे नवीन होतं. तिने चारा खाली ठेवला, आली, आपल्या बाजूने फरशीवर गाल टेकवला आणि काचेला नाक लावलं. ती लपली नाही, भिंतीकडे वळली नाही. ती आईकडे बघत राहिली.